एकवीस अंकी संख्येचा ताळा

१२ आंबे चौघांत वाटले, तर प्रत्येकाला तीन तीन येतात. १३ आंब्यांचे तसे होत नाही. एकट्याने तेराही घ्या, नाहीतर तेरा जणांना एकेक द्या; सारखे वाटे करायची तिसरी रीत नाही. अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात. १३ लहान, म्हणून चटकन कळले. संख्या मोठी असली की कळत नाही. मग माणसे कुणाच्या तरी शब्दावर विसंबतात.

फ्रान्स देशात मेर्सेन नावाचे एक पाद्री होऊन गेले. गणितात त्यांचा शब्द मोठा. १ ची दुप्पट २, २ ची ४, ४ ची ८, अशी ६७ वेळा दुप्पट करावी आणि शेवटी १ वजा करावा. ही संख्या येते :

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

ही मूळ संख्या आहे, असे मेर्सेन यांनी १६४४ साली लिहिले. एवढ्या थोरल्या संख्येला कोण भागत बसणार? १८७६ साली फ्रान्सच्याच ल्यूका यांनी दाखविले, की ही मूळ नव्हे, हिचे भाग पडतात. पण कोणते, ते त्यांना सांगता आले नाही. चोरी झाली हे ठाऊक, पण चोर सापडेना, अशातली गत! १९०३ साली अमेरिकेतील कोल नावाच्या प्राध्यापकांनी ते दोन भाग शोधले. त्यापायी तीन वर्षांचे रविवार गेले, असे सांगतात. आम्हांला विचाराल, तर या तिघांत कोल यांची चिकाटी मोठी.

ते भाग असे : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७.

यांचा गुणाकार वरच्या संख्येइतका होतो. शोधायला वर्षे लागली, पण पडताळा पाहायला पाटी-पेन्सिल पुरे. त्यासाठी नवाचा ताळा करतात. आम्ही तो करून पाहिला, तुम्हीही करा. पहिल्या भागातले सगळे अंक मिळवा. ३७ होतात. ३ आणि ७ दहा. १ आणि ० मिळून १. दुसऱ्याची बेरीज ६४. ६ आणि ४ दहा, म्हणजे पुन्हा १. एके एक. आता एकवीस अंक मिळवा, सावकाश. १०९ येतात. १, ० आणि ९ मिळून दहा, म्हणजे १. ताळा जमला!

हाच ताळा बाजारात लावा. समजा, ३८ पोती माल घातला, पोत्याला भाव १२५० रुपये. ३ आणि ८ अकरा, म्हणजे २. १, २, ५ मिळून ८. बे आठे सोळा, म्हणजे ७. हिशोबपट्टीवर ४६५०० लिहिले असतील, तर त्यांची बेरीज १५, म्हणजे ६. ताळा चुकला. पट्टीवर सही करू नका, हिशोब पुन्हा मांडायला सांगा.

पण पट्टीवर ४५७०० असतील तर? बेरीज १६, म्हणजे ७. ताळा जमतो, आणि तरी रक्कम चूक! खरी रक्कम ४७५००. अंक तेच, नुसत्या जागा बदलल्या, आणि १८०० रुपये गेले. ताळा चुकला तर हिशोब नक्की चुकलेला असतो. ताळा जमला, तरी गुणाकार एकदा करून पाहावाच लागतो.