नाव झाकले तरी जबाबदारी झाकू नये

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले, तेव्हा ते सरकारी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. त्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. लेखणी पडद्याआड, पण जाब देणारा माणूस उघड.

आज धडगाव-अक्कलकुव्यातल्या एखाद्या आश्रमशाळा कर्मचाऱ्याला गैरकारभाराबद्दल निनावी लिहावे लागले, तर तो भित्रेपणा नाही, असे आम्ही मानतो. पण नुसत्या आरोपावर विश्वास बसत नाही. तारीख हवी, कागद हवा, ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणेही हवे. माहिती अधिकाराचा अर्ज नावानिशी करावा लागतो. तो नोकरीचा धोका नसलेल्या कार्यकर्त्याने करावा. आडून कुणाची बदनामी करणे ही सम्यक वाचा नव्हे.

निनावी लिहिणाऱ्यासाठी कुणीतरी भटकर व्हायला हवे.