शाळेच्या दाखल्यानंतर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ज्या मुलखाच्या वाट्याला पर्जन्यछायेची वतनदारी पिढ्यान्‌पिढ्या आली, त्या माणदेशात घर सोडून पोटामागे जाणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. कोणी मुंबईच्या गिरणीत गेला, कोणी पलटणीत भरती झाला, आणि शेजारच्या विटे-आटपाडी भागातील तरुणांनी तर सोने-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यापायी हिंदुस्थानभर बिऱ्हाडे मांडली. त्या पिढीला मार्ग निवडण्याची मुभा नव्हती. तिच्या वतीने दुष्काळच निर्णय देत असे. आज म्हसवडसारख्या नगरपालिकेच्या गावी बारावीचा निकाल लागल्यावर सिद्धनाथापुढे पेढे ठेवून परतणाऱ्या कुटुंबासमोर मार्ग अनेक आहेत, परंतु त्यांविषयीची माहिती बहुधा एस.टी. स्थानकावरील ऐकीव गोष्टींवरच बेतलेली असते. अशा काही समजुतींची येथे शहानिशा करू.

गैरसमज : शास्त्र शाखा घेतली नाही, तर भवितव्याची कवाडे मिटतात.

वस्तुस्थिती : अभियांत्रिकीसाठी गणित व भौतिकशास्त्र, आणि वैद्यकासाठी जीवशास्त्र व ‘नीट’ परीक्षा अपरिहार्य आहे, हे खरे, पण कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आणि सनदी लेखापालाची प्रारंभिक परीक्षा यांचे दार बारावीच्या कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्यास उघडे आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतही नौदल व हवाईदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते, भूदलासाठी मात्र बारावीची कोणतीही शाखा चालते; आणि २०२२ पासून तेथे मुलीही दाखल झाल्या आहेत. म्हणून ज्याला गणिताची धास्ती वाटते, त्याने केवळ लोकलज्जेस्तव शास्त्र शाखेत दोन वर्षे कुढत बसण्याचे प्रयोजन नाही.

गैरसमज : आयटीआय किंवा तंत्रनिकेतन म्हणजे शिक्षणाला पूर्णविराम.

वस्तुस्थिती : दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेला विद्यार्थी तंत्रनिकेतनाच्या, आणि तंत्रनिकेतनाची पदविका मिळवलेला विद्यार्थी अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मागू शकतो. शिवाय १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये कारखान्यात उमेदवारी करताना विद्यावेतन मिळते. ही वाट थोडी वळणाची असली, तरी तिच्या प्रत्येक टप्प्यावर हाताला कसब लागलेले असते, आणि घरची परिस्थिती अकस्मात बिघडली तर त्या टप्प्यावर थांबूनही चरितार्थ चालवता येतो.

गैरसमज : पदवी कोणतीही घ्यावी, अखेर स्पर्धापरीक्षाच द्यावयाची आहे.

वस्तुस्थिती : माण तालुक्याने शासनास अनेक अधिकारी दिले, हा येथील जनतेचा सार्थ अभिमान आहे, आणि पदवीच्या विषयाचे बंधन या परीक्षांना सहसा नसते, हेही खरे, तथापि २०२३ च्या केंद्रीय नागरी सेवा परीक्षेस दहा लाखांहून अधिक अर्ज आले आणि शिफारस झाली ती १०१६ नावांची. ज्या पदवीच्या बळावर या परीक्षेविनाही निर्वाह होईल, अशी पदवी आधी पदरात पाडून घेणे म्हणजे महत्त्वाकांक्षेचा त्याग नव्हे, तिची तजवीज होय. याच तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या आणि पुढे शासनसेवेत आल्या, यावरून सरकारी कचेरीकडे जाणारी वाटही एकच नसते, हे ध्यानी यावे.

गैरसमज : पैसा नसेल तर, विशेषतः मुलींना, पुढे शिकवणे परवडत नाही.

वस्तुस्थिती : जुलै २०२४ च्या शासननिर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींचे मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्णतः माफ आहे, मात्र त्यासाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो, आणि खाण्या-राहण्याचा खर्च यात येत नाही. शैक्षणिक कर्जाविषयीही विनाकारण धसका आहे : पतहमी योजनेखाली साडेसात लाखांपर्यंत जमीन तारण ठेवावी लागत नाही, आणि परतफेडीस सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाची सवलत असते. ज्या सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापून ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र रुजविला, तेथे गरिबीपायी शाळा सुटणे तर अधिकच खटकावे.

गैरसमज : एकदा नापास झाला की सारे संपले.

वस्तुस्थिती : दहावी-बारावीची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते; दहावीत एक-दोन विषय राहिले तरी अकरावीला तात्पुरता प्रवेश मिळतो. नापासांच्या सांत्वनासाठी मॅट्रिकची पायरी न ओलांडलेल्या ग. दि. माडगूळकरांचा दाखला आपल्याकडे हटकून दिला जातो. पण ‘गीतरामायण’ लिहिणारी प्रतिभा लाखांत एखाद्यास लाभते, पुरवणी परीक्षेचा अर्ज मात्र प्रत्येकास भरता येतो.

गैरसमज : कागदपत्रांचे निकालानंतर बघू.

वस्तुस्थिती : सर्वांत अधिक नुकसान करणारी समजूत हीच. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर आणि राखीव जागांसाठी लागणारी जात पडताळणी, यांतील एखादा दस्तऐवज अपुरा राहिल्याने उत्तम गुण असूनही हक्काची सवलत हातची जाते. कारण पडताळणीस महिने लागू शकतात, प्रवेशाची मुदत मात्र दिवसांत मोजली जाते.

पूर्वी दुष्काळाने जो निर्णय दिला, तो आज उलटून गेलेल्या मुदतीने देऊ नये, एवढी खबरदारी आपल्या हाती आहे. तेव्हा बारावीत मुलगा वा मुलगी असलेल्या पालकांना एवढीच विनंती, की निकालाची वाट न पाहता येत्या दिवाळीच्या आगेमागे माण तालुक्याच्या दहिवडी येथील तहसील कचेरीत एक खेप घालावी, आणि जाताना मुलांनाही सोबत न्यावे.