ऐकत नाही, की ऐकूच येत नाही?

"वहिनी, सांगून सांगून थकले बघा. ह्याचं लक्षच नसतं!" आमच्या बार्शीत शेजारच्या ताई दुसरीतल्या लेकाबद्दल रोज हेच सांगायच्या. शाळेतूनही तीच तक्रार. टीव्हीचा आवाज मोठा, तिसऱ्या हाकेला 'ओ'. मीही "लाडावलाय हो" म्हणून मोकळी झाले. एकदा ताईंनी माझ्यासमोरच त्याला चापट मारली. तो रडत म्हणाला, "आई, तू हळूच बोलतेस." ते वाक्य काही मनातून जाईना.

एस.टी.नं आम्ही तिघं सोलापूरला गेलो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कान तपासले आणि 'टिम्पॅनोमेट्री' करायला सांगितली. नाव ऐकूनच ताई घाबरल्या. पण ना सुई, ना औषध! कानाच्या तोंडाशी मऊ रबराचं टोक बसवलं. यंत्र हवेचा दाब थोडा कमी-जास्त करतं, एक आवाज सोडतं आणि कानाचा पडदा किती हलतो ते मोजतं. मुलानं फक्त शांत बसायचं, उत्तरही द्यायचं नाही. मिनिटभरात आलेख तयार. पडदा नीट हलला, तर डोंगरासारखं टोक उमटतं. ह्याची रेघ दोन्ही कानांत सपाट!

पडद्याला छिद्र नव्हतं, कानात मळही नव्हता. म्हणजे पडद्यामागे, मधल्या कानात पाणी साचलेलं. लहान मुलांची नाकामागून कानाकडे जाणारी नळी आखूड आणि आडवी असते. सर्दीनं ती बंद पडली की असं होतं. बहुतेकदा कान फारसा दुखत नाही, वाहतही नाही, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. ऐकण्याच्या तपासणीतही त्याला कमी ऐकू येत असल्याचं दिसलं. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "उगाच मारलं हो लेकराला."

डॉक्टर म्हणाले, "पुष्कळदा तीन महिन्यांत हे आपोआप जातं. नाहीच गेलं, तर पडद्यात बारीक नळी बसवता येते." तोवर बाईंनी त्याला पुढच्या बाकावर बसवलं. तीन महिन्यांनी परत गेलो, तर दोन्ही कागदांवर डोंगर!

मैत्रिणींनो, एक मात्र ध्यानात ठेवा. ही तपासणी मधल्या कानापुरतीच. आतल्या कानात किंवा नसेत दोष असला, तरी डोंगर दिसू शकतो. म्हणून ऐकण्याची तपासणीही करून घ्याच. तान्ह्या बाळासाठी 'बेरा' तपासणी असते. कानात तेल घालू नका. अंगणवाडीत, शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. २०१३ पासूनच्या या योजनेत मुलांची तपासणी मोफत होते. पथक आलं की मुलाच्या कानाबद्दल आवर्जून सांगा.

आणि लेकरू हाकेला 'ओ' देईना, तर हात उगारण्याआधी एकदा त्याच्या पाठीमागून हळूच हाक मारून बघा.