कंबरदुखीवरील सुया आणि पुराव्याची मोजपट्टी

अ‍ॅक्युपंक्चरचा परिणाम तपासणे औषधाचा परिणाम तपासण्याहून अवघड असते, कारण गोळीसारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी करता येते, पण टोचणाऱ्या सुईला तसा पर्याय सहज सापडत नाही. म्हणून संशोधक ‘आभासी अ‍ॅक्युपंक्चर’ वापरतात, म्हणजे परंपरेने सांगितलेले बिंदू टाळून भलत्याच जागी वरवर सुया टोचतात आणि सुया खऱ्या उपचाराच्या की आभासी, हे रुग्णाला कळू देत नाहीत.

जुनाट कंबरदुखीवरील एका मोठ्या जर्मन चाचणीत १,१६२ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले गेले: पहिल्या गटाला खरे अ‍ॅक्युपंक्चर, दुसऱ्याला आभासी, आणि तिसऱ्या गटाला औषधे, फिजिओथेरपी व व्यायाम असे प्रचलित उपचार मिळाले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनी खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरने ४७.६ टक्के, आभासी अ‍ॅक्युपंक्चरने ४४.२ टक्के, तर प्रचलित उपचारांनी २७.४ टक्के रुग्णांना ठरावीक प्रमाणात आराम पडला होता. समर्थक यातला पहिला आणि तिसरा आकडा सांगतात, टीकाकार पहिला आणि दुसरा. परंतु तिसऱ्या गटातील रुग्णांना आपल्याला सुया मिळत नाहीत हे ठाऊक होते, त्यामुळे अपेक्षेचा आणि उपचारकाच्या सहवासाचा वाटा त्या मोठ्या फरकातून वेगळा काढता येत नाही.

वरवरची सुईही मज्जातंतूंना चेतवते, म्हणून आभासी उपचार निष्क्रिय नसतो, हा आक्षेप रास्त आहे. मात्र तो मानला तर विशिष्ट बिंदूंचे महत्त्वच कमी होते, हे तो घेणाऱ्यांनी विसरू नये. जुनाट वेदनांवरील ३९ चाचण्यांतील २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र करणाऱ्या २०१८ च्या विश्लेषणात खरे अ‍ॅक्युपंक्चर आभासीपेक्षा सरस ठरले, पण तो फरक लहान होता आणि अ‍ॅक्युपंक्चर न मिळालेल्यांशी तुलना केल्यावर दिसणारा फरक त्याहून बराच मोठा होता.

कोणती तुलना निर्णायक मानायची यावर धोरण ठरते. जर्मनीतील सार्वजनिक आरोग्य विमा जुनाट कंबरदुखी व गुडघेदुखीसाठी हा खर्च देऊ लागला, तर ब्रिटनच्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेने कंबरदुखीसाठी २००९ मध्ये केलेली शिफारस २०१६ मध्ये मागे घेतली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये या पद्धतीसाठी कायदा केला, परंतु उपचारकांच्या नोंदणीमुळे परिणाम सिद्ध होत नाही. निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुया प्रशिक्षित हातांनी टोचल्यास गंभीर इजा क्वचितच होते. मात्र कंबरदुखीबरोबर ताप, वजन घटणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे अशी लक्षणे असतील, तर सुया टोचून घेण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी व्हायलाच हवी.