कातडीवरचं बिऱ्हाड आणि आत आलेला नायटा

मंडळी, आज आपण तळोज्यात बोलतो आहोत ते अगदी जवळच्या शेजाऱ्यांविषयी. इतके जवळचे, की ते आपल्या अंगावरच राहतात!

आपल्याला वाटतं, जंतूंना कातडी म्हणजे मोकळं रान. तसं नाही. सूक्ष्मजीवाच्या दृष्टीनं कातडी म्हणजे माळरानच: कोरडी, घामामुळे खारट आणि चांगलीच आम्लधर्मी. शिवाय पायाखालची जमीनही टिकत नाही. वरच्या मृत पेशी रोज झडतात आणि साधारण महिन्याभरात वरचा थर नवा होतो. म्हणजे बिऱ्हाड थाटावं आणि घरच गळून पडावं, अशातली गत.

तरीही काही जण टिकतात. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा जिवाणू खारटपणा सोसतो. क्युटिबॅक्टेरियम तेलग्रंथींच्या मुळाशी राहतो, तिथल्या तेलावर जगतो आणि त्यातून आम्लं तयार करतो. या आम्लांमुळे परक्या जंतूंना तिथे थारा मिळणं अवघड होतं. म्हणजे भाडेकरूच राखण करतात, बघा.

मग नायटा, म्हणजे गजकर्ण, कसा होतो? त्याची बुरशी कातडीतलं केराटिन खाते. तिला हवा असतो ओलावा. आपल्याकडचा पावसाळा, कारखान्यातली उष्णता, दिवसभर पायात गमबूट, कमरेला घट्ट पट्टा: जांघेत नि कमरेवर तिची सोयच होते.

पूर्वी हा आजार साध्या मलमानं आटोक्यात यायचा. आता तो महिनोन्‌महिने रेंगाळतो, पुन्हा उलटतो. अशा चिवट बुरशीच्या एका प्रजातीला जपानी संशोधकांनी २०२० साली नाव दिलं ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावातच आपला देश आहे! टर्बिनाफिन हे औषध बुरशीच्या ज्या विकरावर घाव घालतं, त्याच्या जनुकात हिच्या अनेक वाणांमध्ये बदल झालेला आढळतो. त्यामुळे घाव नीट बसत नाही.

याच्या जोडीला आपली एक सवय आहे. दुकानात जायचं, ‘खाजेचं मलम द्या’ म्हणायचं. अशा बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते. पण स्टेरॉइड बुरशीला मारत नाही. ते आपल्या शरीराचा प्रतिकार गप्प करतं. पहारेकरी झोपले, की चोराला घर मोकळं. चट्टा फिका पडतो आणि पसरत राहतो. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारनं अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली.

आम्ही तत्त्वज्ञानवाले. कठोपनिषदात श्रेय आणि प्रेय असा भेद केला आहे: हिताचं एक, आवडतं दुसरं. खाज थांबणं हे प्रेय, बुरशी जाणं हे श्रेय. दोन्ही एकच समजलं, की फसगत झालीच म्हणून समजा.

मग करायचं काय? अंग कोरडं ठेवायचं, ओले कपडे लगेच बदलायचे, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. घरात आणखी कुणाला चट्टे असतील तर त्यांचेही उपचार सोबतच, नाहीतर रोग घरातल्या घरात फिरत राहतो. आणि खाज थांबली तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करायचे. साबणानं घासघासून कातडी सोलायची मात्र नाही. त्यात राखणदारांचंच घर मोडतं.

स्वच्छ असणं म्हणजे एकही जंतू नसणं नव्हे. कुणाला राहू द्यायचं आणि कुणाला नाही, हे कळणं म्हणजे स्वच्छता.