जुन्या उंची मोटारीची पारख

बैलबाजारांत गेलेला अनुभवी शेतकरी बैलाच्या शिंगांना लावलेल्या रंगाकडे किंवा पाठीवरच्या झुलीकडे फारसें पाहत नाहीं. तो प्रथम त्याचे दांत मोजतो, मग त्याला दहा पावलें चालवून पाहतो, आणि हेडी जितका अधिक बोलूं लागेल तितका स्वतः अधिक गप्प होतो. मोटारींच्या बाजारांत मात्र चांगलीं शहाणींसुरतीं माणसें पहिल्याच भेटींत गाडीच्या चकाकीवर, आंतल्या कातड्याच्या आसनांवर आणि बॉनेटवरच्या ताऱ्यावर भाळून जातात, व दांत मोजण्याचें काम इसारा दिल्यानंतर आठवतें.

असें होण्यास कारणही तसेंच आहे. मर्सिडीझ कंपनीनें १९९४ सालीं पुण्यास आपली भारतीय शाखा काढली, बी. एम. डब्ल्यू. कंपनीचा चेन्नईजवळचा कारखाना २००७ सालीं सुरू झाला. तेव्हांपासून या देशांत जर्मन बनावटीच्या उंची गाड्या इतक्या खपल्या कीं, त्यांपैकीं वापरलेल्या गाड्यांचाच एक मोठा बाजार मुंबई-पुण्यांत उभा राहिला आहे. समजा, एखादी गाडी नवी असतांना साठ लाखांची होती. सात-आठ वर्षांनीं तीच पंधरा लाखांस देऊं केली जाते. तेवढ्याच पैशांत नवी साधी गाडी येते. मध्यम स्थितींतील गृहस्थाला वाटतें कीं, नशिबानें दार उघडलें! परंतु किंमत उतरली ती गाडीची. तिच्या सुट्या भागांची नव्हे. पंधरा लाखांस घेतलेली गाडी मोडली म्हणजे ती साठ लाखांच्या गाडीचेच भाग मागते आणि त्याच दर्जाचा कारागीर मागते. हत्ती कोणी फुकट आणून दारीं बांधला तरी त्याचा चारा फुकट येत नाहीं. मुलाच्या शिक्षणासाठीं किंवा म्हातारपणासाठीं राखून ठेवलेली रक्कम या चाऱ्यांत जातांना दिसते, तेव्हां गाडी विकावयास निघावें तर गिऱ्हाईक मिळत नाहीं.

या बाजाराची खरी अडचण अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनीं १९७० सालच्या एका छोट्या निबंधांत उलगडून दाखविली. तिकडे खोड असलेल्या गाडीस बोलभाषेंत ‘लिंबू’ म्हणतात, आणि निबंधाचें नांवही ‘लिंबांचा बाजार’ अशाच अर्थाचें होतें. कांहीं नियतकालिकांनीं तो परत केला होता. पुढें २००१ सालीं त्याच विषयावरील कार्याबद्दल ॲकरलॉफ यांना इतर दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांचें म्हणणें समजावयास सोपें आहे. गाडी चांगली कीं वाईट हें विकणारास ठाऊक असतें, घेणारास नसतें. म्हणून घेणारा दोन्ही शक्यता धरून मधली किंमत देऊं करतो. ज्याची गाडी खरोखर चांगली आहे त्याला ती किंमत परवडत नाहीं व तो गाडी घरींच ठेवतो. ज्याची गाडी खोडील आहे तो मात्र आनंदानें देऊन टाकतो. अशा रीतीनें बाजारांत खोडील मालाचें प्रमाण वाढत जातें. गाडीची परीक्षा म्हणजे वस्तुतः दुसरें कांहीं नाहीं. विकणाऱ्याच्या मनांत जी माहिती आहे ती गाडीकडून वदवून घेणें.

कित्येक लोक या बाबतींत कंपनीच्या नांवलौकिकावर विसंबतात. लौकिक अगदींच खोटा नसतो. अमेरिकेंतील जे. डी. पॉवर या संस्थेची पाहणी प्रसिद्ध आहे. तींत टोयोटाची लेक्सस ही गाडी अनेक वर्षें अग्रस्थानीं आली. पण ही पाहणी तीन वर्षें वापरलेल्या गाड्यांची असते. शंभर गाड्यांमागें मालकांनीं किती तक्रारी केल्या याची ती मोजदाद होय. दूरध्वनी गाडीच्या ध्वनियंत्रास जुळत नाहीं ही जशी एक तक्रार, तशीच गिअर अडकतो हीही एक. नऊ वर्षांची गाडी घेणारास तीन वर्षांच्या गाड्यांचें प्रगतिपुस्तक कितपत उपयोगीं पडणार?

शिवाय एकाच घराण्यांतील सर्व भावंडें एका स्वभावाचीं नसतात. बी. एम. डब्ल्यू. कंपनीनें २००७ सालीं दोन लिटरचें एक नवें डिझेल इंजिन आणलें. त्यास एन ४७ असें सांकेतिक नांव होतें व भारतांतही तें ३२०डी, ५२०डी अशा गाड्यांतून आलें. इंजिनाच्या वरच्या झडपा व खालचा दांडा यांचा मेळ राखणारी जी साखळी असते, ती बहुतेक इंजिनांत पुढच्या बाजूस बसवितात. येथें ती मागें, गिअरबॉक्सच्या बाजूस बसविली. आरंभींच्या कांहीं वर्षांतील इंजिनांत ही साखळी व तिचे आधार अकालीं झिजूं लागले. साखळी तुटली कीं झडपा पिस्टनवर आदळतात आणि इंजिनाचा निकाल लागतो. तुटण्यापूर्वीं बदलावी, तरी ती मागें असल्यामुळें सबंध इंजिन बाहेर काढावें लागतें. मर्सिडीझच्या २००४ नंतरच्या कांहीं सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिनांत समतोल राखणाऱ्या दांड्याचें दांतचक्र झिजे. ऑडीचीं २००८ च्या सुमाराचीं दोन लिटरचीं पेट्रोल इंजिनें तेल पीत. या सर्व कंपन्यांनीं त्याच काळांत टिकाऊ इंजिनेंही बनविलीं. म्हणून ‘मर्सिडीझ चांगली कीं ऑडी चांगली?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणत्या सालचें, कोणत्या सांकेतिक नांवाचें इंजिन आहे, आणि त्याचा ठाऊक असलेला दोष दुरुस्त झाल्याचें बिल आहे काय, हा खरा प्रश्न.

गाडी पाहण्यास सकाळीं जावें, आणि आपण पोहोंचण्यापूर्वीं इंजिन सुरू करूं नये असें मालकास आदल्या दिवशीं बजावावें. गेल्यागेल्या बॉनेटवर तळहात ठेवावा. बॉनेट ऊन लागलें तर गाडी मुद्दाम तापवून ठेवली आहे, व कां तापविली हें विचारण्याचा अधिकार घेणारास आहे. रात्रभर थंड पडलेलें तेल तळाशीं उतरलेलें असतें. त्यामुळें झिजलेल्या साखळीचा खळखळाट, सैल भागांची टकटक आणि धुराचा रंग हीं सर्व लक्षणें पहिल्या एक-दोन मिनिटांतच उघड होतात; इंजिन तापल्यावर तींच लपून बसतात. निळसर धूर म्हणजे तेल जळतें आहे. पांढरा धूर थंडीच्या सकाळीं क्षणभर दिसला तर ती नुसती वाफ असते, पण गाडी तापल्यावरही तो राहिला आणि त्याला गोडसर वास आला तर कूलंट सिलिंडरांत शिरत आहे. त्या वेळीं ध्वनियंत्र बंद ठेवावें. विक्रेत्यालाही, जमल्यास, थोडें बंद ठेवावें.

इंजिन सुरू करण्याआधीं गाडी चारी बाजूंनीं, थोडें वांकून पाहावी. अनेक उंची गाड्या पोलादी स्प्रिंगांऐवजीं हवेनें भरलेल्या रबरी पिशव्यांवर उभ्या असतात. मर्सिडीझच्या एस-क्लास गाडींत ही रचना १९९८ सालीं आली. प्रवास पाण्यावर तरंगल्यासारखा होतो यांत शंका नाहीं; पण रबर तें रबरच. वयानें त्याला चिरा पडतात, हवा झिरपते, आणि सकाळीं गाडीचा एक कोपरा चाकावर बसलेला आढळतो. इंजिन सुरू होतांच पंप हवा भरतो व गाडी पुन्हां समतल होते. म्हणूनच सुरू करण्याआधीं पाहावयाचें. गळती भरून काढतां काढतां तो पंपही जळतो, आणि एका पिशवीचें काम दोन वस्तूंवर जातें.

यानंतर सेवेच्या नोंदी. घरांतील माणसाच्या प्रकृतीची कल्पना जशी जुन्या औषधांच्या चिठ्ठ्यांवरून येते, तशी गाडीची बिलांवरून येते. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘या गाडीच्या गिअरबॉक्सचें तेल आयुष्यभर बदलावें लागत नाहीं’ असें विक्रेता सांगेल, आणि तो खोटें बोलत असेल असें नाहीं. कांहीं कंपन्यांच्या पुस्तिकांतच तसें म्हटलें आहे. परंतु ज्या जर्मन कारखान्यांत यांपैकीं पुष्कळ गिअरबॉक्स तयार होतात त्या झेड. एफ. कंपनीचा सल्ला ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलण्याचा आहे. ‘आयुष्यभर’ म्हणजे कोणाचें आयुष्य, हा प्रश्न पहिल्या मालकास पडत नाहीं. तिसऱ्या मालकास पडतो. ज्याच्या बिलांच्या फाइलींत हें तेल बदलल्याची एक पावती आहे, त्याची लाखावर धांवलेली गाडी चाळीस हजारांच्या बिनकागदी गाडीपेक्षां अधिक भरंवशाची समजावी.

किलोमीटरचा आंकडा तर सर्वांत कमी विश्वासाचा. तो मागें फिरविणें फार अवघड राहिलेलें नाहीं. मात्र पुष्कळ जर्मन गाड्यांत तोच आंकडा इतर नियंत्रकांतही नोंदलेला असतो, आणि जाणकार कारागीर स्कॅनर जोडून तो ताडून पाहूं शकतो. स्टिअरिंगच्या खालीं जी खोबण असते तींत हा स्कॅनर बसतो व गाडीनें मनांत ठेवलेल्या तक्रारी वाचून दाखवितो. तक्रारी एकही नाहींत म्हणून लगेच हर्ष मानूं नये. कोणी आदल्या रात्रीं त्या पुसल्या असतील, तर गाडीच्या स्वतःच्या कांहीं चांचण्या ‘अपूर्ण’ अशा दिसतात. पुसल्यानंतर पुरेसें अंतर चालल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहींत.

अपघात झांकण्याची कला जुनी आहे. रंगाची जाडी मोजण्याचें लहान यंत्र मिळतें. कारखान्याचा रंग साधारणपणें १०० ते १५० मायक्रॉन भरतो, आणि लांबी भरून रंगविलेला भाग कित्येक पटींनीं जाड भरतो. लोहचुंबक लावून पाहण्याची जुनी युक्ति ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चालत नाहीं. १९९४ पासूनच्या ऑडी ए-८ चा सांगाडाच त्या धातूचा आहे. कांचांवरील कारखान्याच्या खुणा एकमेकींशीं जुळतात कीं नाहीं तेंही पाहावें. टायरच्या कडेस चार आंकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

पाण्यांत बुडालेली गाडी हें याहून मोठें संकट. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि मुंबईच्या रस्त्यांवर असंख्य मोटारी पाण्याखालीं गेल्या. अशा गाड्या सुकवून, पुसून, अत्तर शिंपडून दूरच्या गांवीं विकण्याचा प्रकार प्रत्येक महापुरानंतर होतो. साध्या जुन्या गाडीला एक बुडी फारशी बाधत नसे. उंची गाडीचीं नियंत्रक-यंत्रें मात्र आसनांखालीं, गालिच्याखालीं, डिकीच्या तळाशीं बसविलेलीं असतात. तेथें ओल शिरली कीं तारांना गंज चढतो आणि वर्ष-सहा महिन्यांनीं आज दिवा जात नाहीं, उद्यां दार उघडत नाहीं असे भुताटकीचे प्रकार सुरू होतात. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. नेहमीं गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ राहते. जादा चाकाच्या खड्ड्यांत हात घालावा. गाडींत सुगंधाचा फार दरवळ असेल तर कांचा लावून पांच मिनिटें आंत बसावें.

कागदपत्रांचें काम रुक्ष, पण टाळतां येत नाहीं. चेसिस व इंजिन यांचे क्रमांक आर. सी. बुकाशीं ताडावे. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचें ना हरकत पत्र व फॉर्म ३५ हातीं आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊं नये. दिल्ली परिसरांत दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं ती उचलून धरली. पुढें त्यांत फेरफार झाले, पण मुदत भरत आलेल्या उंची डिझेल गाड्या तेव्हांपासून स्वस्तांत इतर राज्यांत येऊं लागल्या. परराज्यांतील गाडी महाराष्ट्रांत बारा महिन्यांहून अधिक ठेवावयाची तर येथें नव्यानें नोंदवून कर भरावा लागतो. ती रक्कम किंमतींत मिळवूनच स्वस्ताई मोजावी. विम्याचा कागद तर फारच बोलका असतो. तींत विनादावा सवलत ५० टक्के असेल तर मालकानें पांच वर्षें एकही नुकसानभरपाई मागितलेली नाहीं. ती एकाएकीं शून्यावर आलेली दिसली, तर त्या वर्षीं काय घडलें हें शांतपणें विचारावें. ही सवलत मालकाची असते, गाडीची नव्हे. नव्या मालकास ती मिळत नाहीं.

एवढें झाल्यावर त्याच बनावटीच्या गाड्या नित्य हाताळणाऱ्या, विक्रेत्याशीं संबंध नसलेल्या गॅरेजांत गाडी न्यावी, वर उचलून खालून पाहवावी, आणि एका वर्षांत कोणतीं कामें निघतील याचा लेखी अंदाज घ्यावा. त्याची फी गाडीच्या किंमतीपुढें क्षुल्लक असते. प्रामाणिक मालक यास हरकत घेत नाहीं. एखादा म्हणतो, ‘गॅरेज कशाला? दुपारीं दुसरें गिऱ्हाईक यायचें आहे, तें रोख देऊन जाईल.’ त्या दुसऱ्या गिऱ्हाइकास ती गाडी खुशाल नेऊं द्यावी.