विश्लेषण : लॅपटॉपमध्ये न मागितलेले ‘नेटवर्क’ कुठून येते? ते काढून टाकावे का?

वाय-फायची अडचण सोडवायला लॅपटॉपमधील नेटवर्कची यादी उघडावी आणि तिथे ‘व्हीइथरनेट डिफॉल्ट स्विच’ असे अनोळखी नाव दिसावे. ना केबल जोडलेली, ना नवे यंत्र घेतलेले. मग लॅपटॉप हॅक झाला की काय, अशी शंका येते. बहुतेक वेळा मात्र हे कनेक्शन विंडोजनेच तयार केलेले असते.

हे कनेक्शन कोण तयार करते?

एका संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवण्यासाठी विंडोजमध्ये ‘हायपर-व्ही’ ही सुविधा आहे. आतल्या संगणकाला इंटरनेट मिळावे म्हणून आभासी स्विच आणि आभासी नेटवर्क कार्ड लागते. २०१७ मधील विंडोज १० च्या ‘फॉल क्रिएटर्स अपडेट’पासून हायपर-व्ही सुरू करताच हा डिफॉल्ट स्विच आपोआप तयार होतो. विंडोज सँडबॉक्सही तोच वापरते. विंडोजमध्ये लिनक्स चालवणाऱ्यांना ‘डब्ल्यूएसएल’ नावाचे वेगळे कार्ड दिसते. व्हीएमवेअर वर्कस्टेशन ‘व्हीएमनेट१’ आणि ‘व्हीएमनेट८’ अशी दोन कार्डे बसवते.

त्याचा त्रास होतो का?

एरवी नाही. हे कार्ड स्वतःहून डेटा खात नाही. अडचण येते ती पत्त्यांची. डिफॉल्ट स्विच सहसा १७२.१६ ते १७२.३१ या खासगी मालिकेतील पत्ता घेतो आणि रीस्टार्टनंतर तो बदलूही शकतो. ऑफिसच्या व्हीपीएनमध्ये तीच मालिका असेल, तर ऑफिसच्या सर्व्हरकडे जाणारी माहिती लॅपटॉपमधल्या या आभासी नेटवर्ककडेच वळते. व्हीपीएन ‘कनेक्टेड’ दिसतो, पण आतली साइट उघडत नाही.

मोबाइलवरून लॅपटॉपवर फाइल पाठवतानाही असे होऊ शकते. लॅपटॉपवरील अ‍ॅप वाय-फायऐवजी आभासी कार्डाचा पत्ता दाखवते आणि फोन तिथे पोहोचू शकत नाही.

‘डिसेबल’ करून भागते का?

तात्पुरते भागते. मूळ सुविधा सुरू असेपर्यंत रीस्टार्टनंतर कार्ड पुन्हा दिसू शकते. म्हणून कार्ड नव्हे, सुविधा बंद करावी. स्टार्टमध्ये ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ शोधा. हायपर-व्ही, विंडोज सँडबॉक्स आणि व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म यांपैकी जे वापरत नाही, त्यासमोरची टिक काढून रीस्टार्ट करा. व्हीएमवेअरची कार्डे त्याच सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधून काढावीत.

घाई मात्र नको. डॉकर, लिनक्स किंवा काही अँड्रॉइड एम्युलेटर याच सुविधांवर चालतात. त्या बंद केल्यास तेही थांबतील. लॅपटॉप ऑफिसचा असेल, तर आधी आयटी विभागाला विचारावे.

शंका केव्हा घ्यावी?

कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ कमांड ‘ऑल’ पर्यायासह चालवली की प्रत्येक कार्डाचे वर्णन दिसते. तिथे हायपर-व्ही किंवा व्हीएमवेअरचे नाव असेल आणि ती सुविधा तुम्ही वापरत असाल, तर काळजी नको. अजिबात न ओळखता येणारे नाव असेल, तर ते कोणत्या सॉफ्टवेअरसोबत आले ते तपासा. आणि फोनवरून कुणी हेच नाव ‘व्हायरस’ म्हणून दाखवत स्क्रीन शेअर करायला सांगितले, तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.